अकरा बावन्नला रिकामी झालेली फाईल

१

गुन्हेगार सापडला आणि त्याच संध्याकाळी संस्थेच्या वतीनं त्याला शाल आणि नारळ देण्यात आला.

वरचं वाक्य वाचकानं वाचलेलं नाही. तसं काही घडलेलं नाही, आणि घडलं असलंच तर ते अजून घडायचं आहे. आपण सोमवार, २१ नोव्हेंबर १९८८, सकाळी साडेदहापासून सुरुवात करू. तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं आणि शाल दुकानात घडी घालून पडली होती.

आर्वीच्या श्री भुईनाथ जिनिंग-प्रेसिंग सहकारी संस्थेत सव्वा वर्षापूर्वी कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर कोकिळा आली. कॉम्प्युटर कायम होता, कोकिळा रोजंदारीवर होती. ती पुलगावची. वडील तिथल्या गिरणीत होते आणि येत्या महिन्यात निवृत्त होणार होते, म्हणजे डिसेंबरपासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं होतं. तिला कायम करण्याच्या आदेशावर त्याच सोमवारी संध्याकाळी पाच वाजता सही व्हायची होती.

चाळीस दिवस खपून तिनं अकराशे सेहेचाळीस कास्तकारांचे अर्ज वाचले होते आणि कोणाची कापसाची गाडी कितव्या नंबरवर लागणार याची यादी कॉम्प्युटरमध्ये भरली होती. फाईलीचं नाव होतं 'नंबर'. बुधवारी खरेदी सुरू होणार होती. सोमवारी कोकिळानं फाईल उघडली तर आत कास्तकार नव्हते. अकराशे सेहेचाळीस नावांच्या जागी अगम्य अक्षरांच्या अकरा ओळी होत्या.

ती ओरडली नाही. खुर्ची मागे सरकवून, हात मांडीवर ठेवून बसली आणि पलीकडच्या टेबलावरच्या अधीक्षकांना म्हणाली, "बडे बाबू, नंबर गेले."

प्रत ठेवायला एक फ्लॉपी होती. दसऱ्याला अध्यक्ष अण्णाजींनी यंत्राची पूजा केली तेव्हा फ्लॉपीच्या उघड्या फटीवर हळदीकुंकवाची पाचही बोटं ओढली. तेव्हापासून ती फ्लॉपी पूज्य होती, पण वाचता येत नव्हती. दुसरी मागवायचा अर्ज अण्णाजींच्या टेबलावर महिनाभर पडून होता, कारण पहिलीचं विसर्जन कुठं करायचं ते ठरत नव्हतं.

अण्णाजी आले, त्यांनी अकरा ओळींकडे बराच वेळ पाहिलं आणि निर्णय दिला. पाच वाजेपर्यंत गुन्हेगार पाहिजे. नाही मिळाला तर ते आपल्या मनानं ठरवतील. त्यांच्या मनात कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण संस्थेत रोजंदारीवर एकच माणूस होतं.

चौकशी बडे बाबूंकडे आली. ती नेहमी त्यांच्याकडेच यायची.

२

बडे बाबू म्हणजे प्रभाकरराव. सव्वीस वर्षं नोकरी आणि सात प्रकरणांची यशस्वी उकल. हरवलेला गोल शिक्का त्यांनी दोन दिवसांत शोधला होता. तो सेक्रेटरींच्या जेवणाच्या डब्यात निघाला. चोरीला गेलेली सायकल तिच्या मालकानंच मागच्या दाराला लावलेली निघाली. वाचनालयातून ते आठवड्याला दोन रहस्यकथा आणत आणि विसाव्या पानावर गुन्हेगाराच्या नावाखाली निळ्या पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवत. पुढचा वाचक त्यांना शिव्या देई, पण खूण चुकलेली नसे.

दुसरं वेड नियमाचं. फाईल म्हटली की तिच्या सगळ्यात वर अनुक्रमणिका हवी, हा सहकार खात्याचा नियम होता की त्यांच्या वडिलांचा, हे कोणी कधी तपासलं नव्हतं. शनिवारी ऑडिटर येणार म्हणून त्यांनी संस्थेच्या दोनशे चौदा फायलींवर आपल्या हातानं अनुक्रमणिका चढवल्या. निघता निघता दोनशे पंधरावीवरही चढवली आणि समाधानानं एसटी स्टँडवर गेले. ऑडिटरनं स्टँडवरच चहाबरोबर दोन खारी खाल्ल्या, सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि तो उलट बसनं वर्ध्याला परत गेला. अनुक्रमणिका कोणी पाहिल्या नाहीत. प्रभाकररावांना त्याचं फारसं दुःख नव्हतं. नियम हा बघणाऱ्यासाठी नसतो.

पहिला जबाब चंद्रभानचा. चंद्रभान ग्रेडर होता. कापूस चिमटीत धरून त्याची प्रत सांगायचा. प्रभाकररावांनी त्याला बसायला सांगितलं नाही. शनिवारी यंत्राच्या खोलीत गेला होतास का, असं विचारताच त्याची मान खाली गेली.

"गेलतो. पावणेअकराले."

कशाला, ते काढायला दहा मिनिटं लागली. त्याच्या सासऱ्याचा नंबर नऊशे तीन होता. नऊशे तीन म्हणजे मार्च. सासऱ्यानं लेकीला सांगितलं, आणि लेकीनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. चार दिवस घरात ताट आदळण्यापलीकडे संवाद नव्हता. म्हणून नऊशे तीनमधले मागचे दोन आकडे गळून नुसता नऊ राहील का, हे विचारायला तो गेला. कोकिळा रजेवर होती. तो परत आला.

प्रभाकररावांनी त्याला लाज या विषयावर पाच-सात वाक्यं ऐकवली. संस्थेचं मीठ खातोस, बाईमाणसाला असलं काम सांगतोस, उद्या आरशात कसा पाहशील, वगैरे. चंद्रभाननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबू, मी एक नंबर पुढं करा म्हनलं. सारेच पुसा असं काऊन म्हनन? पुसल्यावर माया सासऱ्याले नवा नंबर एक हजार भेटला तं?"

यात तथ्य होतं. शिवाय अकरापासून एकपर्यंत तो शेडमध्ये पंचवीस कास्तकारांसमोर कापसाचे नमुने पाहत होता, आणि पंचवीस कास्तकार एका गोष्टीवर सहमत असणं हा वर्धा जिल्ह्यात पुरावाच समजला जातो.

जाता जाता तो दारात थांबला. "त्या बाईले इचारा ना, त्या अकरा ओळीत लिवलं काय हाय. अध्यक्षायनं तं इचारलंच नाई."

प्रभाकररावांनीही विचारलं नव्हतं.

३

कोकिळानं त्यांना पडद्यासमोर बसवलं. एल, एस, मग जागा सोडून उण्याची खूण आणि पुन्हा एल. एवढं लिहून तिनं बटण दाबलं, तशी यंत्रानं आपल्या पोटातल्या फायलींची यादी मांडली. दर फाईलीला एक ओळ. कोणाला वाचायची मुभा, कोणाला खोडायची, मालक कोण, आकार केवढा, शेवटचा हात कोणत्या तारखेला किती वाजून किती मिनिटांनी लागला, आणि शेवटी नाव.

'नंबर'ची ओळ तिनं बोटानं दाखवली. साठ हजार अक्षरांची फाईल आता सातशेच्या आत आली होती. शेवटचा हात १९ नोव्हेंबर, अकरा बावन्न. मालक: कोकिळा.

"अध्यक्षायनं एवढंच वाचलं," ती म्हणाली. "नाव तुयंच हाय म्हने."

तिचं म्हणणं असं की फाईल ज्यानं आधी काढली त्याचं नाव मालक म्हणून राहतं. नंतर कोणीही आत खुडबुड केली तरी ते बदलत नाही. "सातबारा माया नावानं हाय, बडे बाबू. नांगर कोनं घातला थे त्यात येत नाई."

आणि नांगर कोणीही घालू शकत होतं. यंत्रात शिरायचा परवलीचा शब्द अण्णाजींच्या हुकमानं पडद्यावरच चिकटपट्टीनं लावलेला होता. सहकारी संस्थेत सभासदांपासून लपवाछपवी नको, असं त्यांचं धोरण होतं. शनिवारी ती स्वतः पुलगावला होती, पण साक्षीला आईबापच. घरच्यांची साक्ष चालत नाही, हे प्रभाकररावांनीच तिला सकाळी सांगितलं होतं.

मग तिनं 'नंबर' उघडली. त्या अकरा ओळी आत्ता पाहिलेल्या यादीसारख्याच होत्या. कोणीतरी यंत्राला यादी मागितली होती आणि ती पडद्यावर न घेता 'नंबर'मध्ये ओतली होती.

"आता पाह्या. या यादीत 'नंबर'ची बी ओळ हाय. तिचा आकार किती लिवला?"

प्रभाकररावांनी चष्मा पुसला. "शून्य."

"हां. ओताची एक निशानी राह्यते, पाखराच्या चोचीसारखी. थे दिली का मशीन पयले पान्याचा गुंड उलटा करते, मंग भरते. यादी कराले निंगाली तवा नंबर रिकामाच झाला व्हता. म्हनून शून्य. यादी करनाराच मारनारा हाय, दुसरा कोनी नाई."

खुनी माणूस पंचनामाही स्वतःच लिहितो आणि त्यात प्रेताचं वजन शून्य दाखवतो, असं प्रकरण प्रभाकररावांच्या वाचनात आलं नव्हतं. ते खूश झाले. हे ज्ञान संस्थेत आणखी कोणाला असेल, असं त्यांनी विचारलं.

कोकिळानं खणातून आपली वही काढून पान उघडलं. तिच्या अक्षरात दोन ओळी होत्या. एक: एलएस उणे एल, फायलींची यादी मिळते. दोन: चोच, जे निघेल ते फाईलीत टाकते. दोन्ही ओळींच्या शेवटी निळ्या पेन्सिलीची बारीक खूण होती.

ती वही मिटून खिडकीबाहेर पाहू लागली.

प्रभाकररावांचे कान गरम झाले. दोनशे पंधरावी फाईल कागदाची नव्हती. ती यंत्रात होती. शनिवारी ते इथंच, याच खुर्चीवर बसले होते. वहीत पाहून, एका बोटानं, एलएस उणे एल, मग चोच, मग 'नंबर' असं त्यांनी लिहिलं होतं. फाईलीत टाकते म्हणजे दोनशे चौदा फायलींत टाकली तशीच, सगळ्यात वर, पहिल्या पानावर. बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच उमटलं नव्हतं. त्यांना ते आवडलं होतं. हाताखालचा माणूस काम करून उलट बोलत नाही, तसं ते यंत्र त्यांना वाटलं होतं.

आणि मग त्यांना अकरा बावन्न आठवलं.

४

अकरा बावन्नला ते एसटी स्टँडवर होते. ऑडिटर दुसरी खारी बुडवत होता आणि ती तुटून चहात पडली म्हणून दोघांनीही घड्याळात पाहिलं होतं. का पाहिलं ते सांगता येणार नाही, पण पाहिलं होतं. सरकारी अधिकाऱ्याची साक्ष. ते ऑफिसातून निघाले तेव्हा मनगटावर अकरा पस्तीस झाले होते.

म्हणजे ते नव्हते. आपली आज्ञा यंत्रानं ऐकलीच नसणार, म्हणूनच काही उमटलं नाही, आणि आपण गेल्यावर दुसऱ्या कोणीतरी नेमका तोच गाढवपणा केला असणार. हा तर्क फाटका आहे हे त्यांना कळत होतं. पुस्तकात असा तर्क कोणी लढवला असता तर त्यांनी त्याच्या नावाखाली तिथल्या तिथं खूण केली असती. तरीही तो अनोळखी गुन्हेगार त्यांना एकदम जवळचा वाटू लागला. आता फक्त तो सापडायला हवा होता.

त्यांनी शिपाई नत्थूजीला बोलावलं. नत्थूजी साठीकडे झुकलेला, मोजकं बोलणारा. कोकिळा रजेवर असली की यंत्र चालू-बंद करायचं काम त्याच्याकडे असायचं. यंत्र रोज तासभर तरी फिरलं पाहिजे, नाही तर बैलासारखं आखडतं, असं अण्णाजींचं मत होतं.

"शनिवारी मी गेल्यावर खोलीत कोण गेलं?"

"कोनी नाई. तुमी निंगाले, मी मशीन बंद केली, कुलूप लावलं. चाबी माया करदोड्याले." त्यानं सदरा वर करून किल्ली दाखवली. "आज सकायी कोकिळाबाईसमोर उघडलं."

प्रभाकरराव उभेच राहिले. अकरा बावन्नला खोलीला कुलूप होतं. आत माणूस नव्हता. आणि यंत्र बंद होतं.

अण्णाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा यंत्रानं आत्महत्या केली असावी अशी शंका काढली. मग ते सावरले. शिकलेली बाई आहे, म्हणाले, तिनं पुलगावला बसून तारेनं केलं. प्रभाकररावांनी नम्रपणे सांगितलं की यंत्राला टेलिफोनची तार नाही. अण्णाजी म्हणाले, विजेची आहे ना, ती पुलगावलाच जाते. पण यंत्र बंद होतं, असं प्रभाकरराव म्हणाले.

"शिकलेल्या मानसाले बंद काय आन् चालू काय," अण्णाजी म्हणाले. "उद्यापासून तिची गरज नाई. आर्डर लिहा. पाचाले सही करतो."

संस्थेतला प्रत्येक आदेश बडे बाबूच लिहीत. ते टेबलाशी आले. 'कु. कोकिळा यांना कळविण्यात येते की' इथवर लेखणी गेली आणि थांबली. त्यांनी मान वर केली तर ती दारात उभी होती. अण्णाजींचा आवाज मोठा होता. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"लिहा, बडे बाबू," ती म्हणाली. "अक्षर तरी चांगलं काढजा. बाबाले दाखवा लागन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ती बोलत होती त्यांच्याशी, पण पाहत होती त्यांच्या खिशाला लावलेल्या निळ्या पेन्सिलीकडे.

५

चार वाजता त्यांनी नत्थूजीला परत बोलावलं आणि दार लावून घेतलं. विचारायचा प्रश्न एकच होता. तो सकाळपासून त्यांच्या जिभेखाली होता आणि त्यांनी तो तिथंच दाबून धरला होता.

"नत्थूजी, यंत्र चालू केलं की ते आधी तारीख-वेळ विचारतं. बरोबर?"

"इचारते."

"शनिवारी तू कोणती सांगितलीस?"

नत्थूजीनं भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर संस्थेचं घड्याळ होतं. आठ वर्षांपूर्वी अण्णाजींनी ते अर्धा तास पुढं करून ठेवलं होतं, कर्मचारी वेळेवर यावेत म्हणून. पहिला आठवडा कर्मचारी वेळेवर आले. मग सगळे मनातल्या मनात अर्धा तास वजा करायला शिकले आणि पूर्वीइतकेच उशिरा येऊ लागले. कोणी वेळ विचारली तर भिंतीवर पाहून, अर्धा तास काढून सांगायची, हे इथल्या माणसांच्या हाडात मुरलं होतं. कोकिळा यंत्राला आपल्या मनगटावरची वेळ सांगायची. नत्थूजीकडं मनगटी घड्याळ नव्हतं. त्यानं भिंतीवरचे आकडे जसेच्या तसे टिपले, आणि यंत्राला वजा करायचं कोणी शिकवलं नव्हतं.

अकरा बावन्नमधून अर्धा तास गेला की अकरा बावीस उरतात. अकरा बावीसला यंत्र चालू होतं, खोली उघडी होती.

"तवा तं तुमीच आत व्हते, बडे बाबू," नत्थूजी म्हणाला. "पानी मीच आनून देल्लं."

"हे तू सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुमी गेल्यावर कोन गेलं, असं इचारलं. तुमच्या आंदीचं कोनं इचारलंच नाई." मग त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. "आन् नाईच इचारलं तं नाईच सांगनार."

तो जागेवर जाऊन बसला. प्रभाकरराव एकटेच उरले. त्यांनी हिशेब मांडला आणि त्यांना स्वतःची किळस आली, कारण हिशेब फार सोपा होता. नत्थूजीला कोणी विचारणार नव्हतं. कोकिळाचं कोणी ऐकणार नव्हतं. यंत्र अकरा बावन्न म्हणत होतं आणि ऑडिटर शपथेवर सांगणार होता की अकरा बावन्नला हा गृहस्थ माझ्यासमोर होता. सव्वीस वर्षांत एवढी भक्कम बाजू कुठल्याच आरोपीची त्यांनी पाहिली नव्हती. चार वर्षांनी पेन्शन होती. फक्त एक अर्धवट लिहिलेलं वाक्य पूर्ण करायचं होतं.

सकाळी चंद्रभानला आपण लाजेवर काय काय ऐकवलं, ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं. विशेषतः आरशाचं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. नोव्हेंबरात आर्वीत घाम येत नाही. मग अर्धवट वाक्याचा कागद फाडून त्यांनी कोरा कागद घेतला आणि पुन्हा लिहिलं, 'कु. कोकिळा यांना कळविण्यात येते की'. या वेळी लेखणी थांबली नाही.

६

भिंतीवर पाच वाजले, म्हणजे साडेचार, तेव्हा सगळे अण्णाजींच्या खोलीत जमले. प्रभाकररावांनी कागद पुढं ठेवला. अण्णाजींनी वाचला आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"हा तं तिले कायम कराचा आर्डर हाय."

"हो. यावर सही करा. मग गुन्हेगाराचं नाव सांगतो."

"पयले नाव."

"पहिले सही."

असा आवाज प्रभाकररावांनी आयुष्यात कोणापुढं काढला नव्हता, घरी तर नाहीच. अण्णाजींना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी सही केली. प्रभाकररावांनी त्यावर गोल शिक्का मारला, शाई फुंकून वाळवली, कागद कोकिळाच्या हातात दिला आणि मगच बोलायला लागले.

त्यांनी सगळं सांगितलं, पायरीपायरीनं. मालकाचं नाव गुन्हेगार सांगत नाही. यादीतलं शून्य सांगतं की यादी मागणाऱ्यानंच फाईल रिकामी केली. बंद यंत्र कुलपाच्या आत काही करू शकत नाही, म्हणून वेळच खोटी असली पाहिजे. ती का खोटी, तर घड्याळ. खरी वेळ अकरा बावीस. अकरा बावीसला खोलीत एक माणूस होता. त्याला फाईलीवर अनुक्रमणिका चढवल्याशिवाय झोप येत नाही, आणि बाईनं वहीत लिहिलेलं त्याला कळलं नाही, पण कोणाला विचारायची त्याला लाज वाटली. तो ऑडिटरबरोबर चहा प्यायला गेला आणि आज दिवसभर त्यानं त्याच बाईची चौकशी केली. सकाळपासून त्याला मनातून सगळं माहीत होतं. एवढं सांगून ते म्हणाले, "तो मी."

 चंद्रभान बुटांकडे पाहत होता. प्रभाकरराव वाट पाहत होते. काहीही चाललं असतं, निलंबन, शिवी, नुसतं 'छी' सुद्धा.

अण्णाजी विचारात पडले. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. घड्याळ अध्यक्षांचं, म्हणजे घड्याळाची चूक होऊ शकत नाही. अनुक्रमणिका नियमात आहे, म्हणजे ती लावणाऱ्याची चूक होऊ शकत नाही. म्हणजे गुन्हा झाला, गुन्हेगारही सापडला, पण चूक कोणाचीच नाही.

"आन् एका दिवसात उलगडा," ते म्हणाले. "प्रभाकरराव, हे आठवं."

चंद्रभानला दुकानात पिटाळलं गेलं. पंधरा मिनिटांनी प्रभाकररावांच्या खांद्यावर शाल होती आणि हातात नारळ होता. अण्णाजींनी संस्थेला अशा माणसांची गरज असल्याचं भाषण केलं. टाळ्या झाल्या. प्रभाकररावांनी शाल काढायचा दोनदा प्रयत्न केला. अण्णाजींनी ती दोनदा परत पांघरली.

कोकिळानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचे हात आदेशाच्या कागदात गुंतलेले होते.

सगळे गेल्यावर प्रभाकरराव तिच्या टेबलाशी आले. तिला केव्हा कळलं, असं त्यांनी विचारलं. सकाळीच, ती म्हणाली, वही उघडली तेव्हाच.

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलली असती तं रोजंदारीवाली बडे बाबूवर आळ घेऊन राह्यली, असं झालं असतं. तुमी बोलले तं सही झाली." कागद पर्समध्ये घालून तिनं वही त्यांच्यापुढं सरकवली. "चोचीच्या खाली तुमच्या हातानं लिहा. पयले रिकामं करते."

त्यांनी लिहिलं. निळ्या पेन्सिलीनं नाही, शाईनं.

दुसऱ्या दिवसापासून अर्जांचं पोतं त्यांनी स्वतःच्या टेबलाखाली ओढलं. ते एकेक नाव वाचत आणि कोकिळा भरत जाई. मूळ क्रम पुरता कोणालाच आठवत नव्हता. बुधवारी गाड्या आल्याच. फाटकाबाहेर अकराशे सेहेचाळीस कास्तकारांपैकी जेवढे आले होते, त्यातल्या प्रत्येकाचा नंबर पहिला होता. भांडणं खिडकीतून ऐकू येत. आंजी गावच्या एका म्हातारीनं बैल सोडून दोन रात्री गाडीखाली काढल्या, आणि ती रोज सकाळी आत येऊन आपला नंबर निघाला का, असं नेमकं प्रभाकररावांनाच विचारी, कारण ते तिला सभ्य वाटत. तिच्याशी बोलताना त्यांना तिच्या डोळ्यांकडे बघता येत नसे.

नवव्या दिवशी शेवटचं नाव भरून झालं. कोकिळानं यादी मागितली. 'नंबर' पुन्हा साठ हजारांची दिसली. तिनं बोटं मोडली आणि आता घरी जावं म्हणून उठली, तेव्हा प्रभाकररावांनी तिला आणखी एक कागद टाईप करायला सांगितला. ते उभे राहून सांगत गेले. ती हसली नाही. एकदाच थांबून तिनं विचारलं, हे नक्की असंच लिहायचं का. असंच, ते म्हणाले.

प्रति, मा. अध्यक्ष, श्री भुईनाथ जिनिंग-प्रेसिंग सहकारी संस्था, आर्वी.

विषय: रजा मंजूर होणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, अर्जदार दि. १९ नोव्हेंबर १९८८ रोजी हजेरीपटानुसार हजर होता. तथापि सदर दिवशी अर्जदाराने केलेले एक कृत्य कर्तव्यात मोडते असे म्हणण्यास अर्जदारास लाज वाटते. सदर कृत्याबद्दल मिळालेली शाल व नारळ सोबत परत जोडले आहेत. पैकी नारळ फुटलेला आहे. तरी सदर दिवशी सकाळी ११ वाजून २२ मिनिटांपासून ११ वाजून २३ मिनिटांपर्यंत अशी एकूण एक मिनिटाची बिनपगारी रजा अर्जदारास पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावी, आणि त्या एका मिनिटापुरता अर्जदार या संस्थेचा कर्मचारी नव्हता अशी नोंद त्याच्या सेवापुस्तकात घेण्यात यावी, ही नम्र विनंती.